गोटी वर का येते? सूप, बरणी आणि फाशांचा खेळ

आष्टी हे बीड जिल्ह्याच्या पश्चिम भागातलं तालुक्याचं गाव. कमी पावसाचा प्रदेश. बाजरी, ज्वारी, तूर, उडीद ही इथली ओळखीची पिकं. त्यामुळे घरोघरी सूप आहे आणि ते नीट हाताळणारे हातही आहेत. धान्य पाखडून झालं की सूप हलकेच गोल फिरवत धान्य घोळतात. काड्या, फोलपटं, बोंडांचे तुकडे वर येतात, ते हाताने बाजूला काढले जातात. बारीक माती मात्र तळाशी बसते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. 'असं का होतं?' हा प्रश्न मात्र आपण वर्गात क्वचितच विचारतो.

आष्टी परिसरातल्या काही शिक्षकांशी बोलताना आम्ही हा प्रश्न विचारला. उत्तर लगेच आलं : "जड खाली जातं, हलकं वर येतं." सुपापुरतं हे पटण्यासारखं आहे, कारण फोलपट हलकं असतंच. पण सुपात एकाच वेळी बऱ्याच गोष्टी घडतात. वारा असतो, वजनातला फरक असतो, आकारातला फरक असतो. यातलं नेमकं कोण काय करतं हे कळायचं तर प्रयोग सोपा करायला हवा. म्हणून आम्ही सूप बाजूला ठेवलं आणि बरणी घेतली.

बरणीचा प्रयोग

एक पारदर्शक बरणी घ्या. तळाशी मधोमध काचेची खेळायची गोटी ठेवा. वरून चार बोटं बाजरी ओता. बरणीचा वरचा तिसरा हिस्सा मोकळा राहू द्या. आता झाकण लावा. गोणपाटाची घडी करून त्यावर बरणी बोटभर उंचीवरून पुन्हा पुन्हा सरळ आपटा. बरणी तिरकी करायची नाही, गोल फिरवायची नाही. फक्त वर-खाली.

सुरू करण्यापूर्वी मुलांना अंदाज लिहायला सांगा : गोटी तळाशीच राहील, मध्ये अडकेल की वर येईल? बहुतेक मुलं, आणि आमच्या अनुभवात बहुतेक शिक्षकही, 'तळाशीच राहील' असं लिहितात. काही वेळाने बाजरीच्या पृष्ठभागावर एक फुगवटा दिसतो, आणि मग त्यातून गोटी डोकं वर काढते. किती ठोके लागतात हे बरणी, बाजरीची उंची आणि ठोक्याचा जोर यांवर ठरतं. मुलांना ते मोजू द्या.

आता उलटा प्रयोग करा. गोटी पृष्ठभागावर ठेवा आणि पुन्हा तितकेच ठोके द्या. गोटी बुडत नाही.

'जड खाली' हे उत्तर इथे मोडतं. मग कुणी म्हणतं, "गोटी तरंगते आहे, पाण्यावर लाकूड तरंगतं तशी." हेही तपासता येतं. लिटरच्या मापात एक किलोही बाजरी मावत नाही, कारण दाण्यांच्या मध्ये हवा असते. काच मात्र पाण्याच्या सुमारे अडीचपट जड. म्हणजे बाजरीला द्रव मानलं तर गोटी त्यात बुडायलाच हवी. तरंगण्याचा नियम इथे लागू पडत नाही. दाण्यांचा ढीग म्हणजे द्रव नव्हे.

फटीचा हिशेब

मग काय होत असावं? ठोका बसतो तेव्हा सगळे दाणे क्षणभर मोकळे होतात, एकमेकांपासून किंचित सुटतात. गोटीही थोडी उचलली जाते. तिच्याखाली फट पडते. परत खाली बसताना या फटीत कोण शिरणार? बाजरीच्या दाण्याला एका दाण्याएवढी फट पुरते. गोटीला पूर्वीच्या जागी जायचं तर तिच्याखालची सगळी जागा एकाच वेळी मोकळी हवी. एक दाणा जरी खाली सरकला, तरी गोटीची परत जायची वाट बंद झाली. पुढच्या ठोक्याला पुन्हा तेच. बैलगाडीखाली दगडाची उटी लावत चढ चढावा, तशी गोटी थोडी थोडी वर चढते.

हे स्पष्टीकरण सुंदर आहे. पण सुंदर स्पष्टीकरण खरं असतंच असं नाही. बरणीच्या आत काय चाललं आहे ते आपल्याला दिसत नाही. अशा वेळी शास्त्रज्ञ एक वेगळा मार्ग घेतात. ते एक काल्पनिक बरणी तयार करतात, तिला मोजकेच नियम देतात, आणि ती कशी वागते ते पाहतात. यालाच सिम्युलेशन किंवा प्रतिरूपण म्हणतात.

१९८७ मध्ये अँथनी रोझॅटो, कॅथरिन स्ट्रँडबर्ग, फ्रिड्रिश प्रिन्झ आणि रॉबर्ट स्वेंडसन यांनी या प्रश्नाचं संगणकावरचं प्रतिरूपण 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. त्यांचे 'दाणे' म्हणजे सपाट चकत्या होत्या. सगळा ढीग उचलायचा. मग एकेक चकती निवडून तिला स्वैरपणे थोडं हलवायचं. नवी जागा दुसऱ्या चकतीने व्यापलेली नसेल तरच ती हालचाल मान्य करायची. ढीग स्थिरावला की पुन्हा उचलायचा. निर्णय स्वैर आकड्यांवर सोडण्याच्या या पद्धतीला जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लोचं नाव मिळालं आहे. त्यांच्या संगणकातही मोठी चकती वर आली. सुक्या मेव्याच्या डब्यात ब्राझील नट नावाचा मोठा दाणा नेहमी वर सापडतो, त्यावरून या घटनेला 'ब्राझील नट परिणाम' हे नाव रूढ झालं.

संगणकाशिवाय सिम्युलेशन

संगणक नसला तरी अडत नाही. कागद, पुठ्ठा आणि एक फासा पुरतो. १९९२ मध्ये रेमी ज्युलियन, पॉल मीकिन आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाणे खालपासून वरपर्यंत क्रमाने एकेक करून सोडण्याची पद्धत वापरली होती. खालचा खेळ हे तिचं बाळबोध रूप आहे.

मोठ्या चौकोनांच्या कागदावर ६ घरं रुंद आणि १० घरं उंच अशी पेटी आखा. एका घराएवढे २६ लहान पुठ्ठ्याचे तुकडे कापा. दोन घरं रुंद व दोन घरं उंच असा एक मोठा तुकडा कापा. मोठा तुकडा तळाशी, तिसऱ्या व चौथ्या उभ्या रांगेत ठेवा. उरलेली जागा लहान तुकड्यांनी भरा. पाच आडव्या रांगा बरोबर भरतील. शेजारी तशीच दुसरी, रिकामी पेटी आखा. एक 'ठोका' म्हणजे पहिल्या पेटीतले सगळे तुकडे पुढील नियमांनी दुसऱ्या पेटीत उतरवणं :

१. सर्वांत खालच्या आडव्या रांगेपासून सुरुवात करा. प्रत्येक लहान तुकड्यासाठी फासा टाका. १ पडला तर तो डावीकडच्या उभ्या रांगेत उतरतो, ६ पडला तर उजवीकडच्या रांगेत, इतर काहीही पडलं तर आपल्याच रांगेत. पेटीच्या बाहेर जायची वेळ आली तर तो सरळ खालीच उतरतो.

२. तुकडा त्या उभ्या रांगेत आधी उतरलेल्यांच्या डोक्यावर बसतो. शेजारची रांग त्याच्या माथ्यापेक्षा दोन किंवा अधिक घरांनी बुटकी असेल, तर तो तिकडे घरंगळतो. दोन्ही बाजू बुटक्या असतील तर नाणं उडवा.

३. मोठ्या तुकड्याची पाळी त्याच्या खालच्या अर्ध्याबरोबरची आडवी रांग उतरून झाल्यावर येते. तो सरळ खाली येतो आणि त्याच्या दोन उभ्या रांगांपैकी जी उंच असेल तिच्यावर टेकतो.

४. मग वरच्या रांगा क्रमाने उतरवा.

सगळे तुकडे उतरले की मोठ्या तुकड्याची उंची वहीत लिहा आणि पुढचा ठोका द्या. सहा-सात मुलांचा गट केला तर काम पटापट होतं : कुणी फासा टाकायचा, कुणी तुकडे ठेवायचे, कुणी नोंद करायची.

आता पहिल्या ठोक्याचा हिशेब मुलांकडून करून घ्या. मोठ्या तुकड्याच्या डावीकडच्या शेजाऱ्याला ६ पडला, किंवा उजवीकडच्याला १ पडला, तर एक लहान तुकडा त्याच्याखाली जाऊन बसतो. दोघेही न सरकण्याची शक्यता ५/६ गुणिले ५/६, म्हणजे २५/३६. म्हणून पहिल्याच ठोक्यात मोठा तुकडा एक पायरी चढण्याची शक्यता निदान ११/३६. घरंगळण्यामुळे ती आणखी थोडी वाढते.

आणि परत खाली? समजा मोठा तुकडा एक पायरी वर आहे. तो पुन्हा तळाला टेकायचा तर त्याच्या दोन्ही रांगा पूर्ण रिकाम्या राहायला हव्यात. पण त्याच्या आधी खालच्या दोन आडव्या रांगांतले नऊ-दहा लहान तुकडे उतरणार आहेत. बाजूच्या चार रांगांत घरंगळल्याशिवाय जास्तीत जास्त सहाच मावतात : लगतच्या दोन रांगांत एकेक आणि कडेच्या दोन रांगांत दोन-दोन. उरलेला कुणीतरी मध्ये येणारच. म्हणजे तळाकडे परतायची वाटच बंद. चढणं शक्य, उतरणं अशक्य. मग वर जाण्याखेरीज दुसरं काय होणार?

एक तुलना मात्र विसरू नका. तळाशी असलेल्या एका लहान तुकड्यालाही रंग द्या आणि त्याची उंची नोंदवत जा. तो कधी वर, कधी खाली असा भटकतो. मोठ्या तुकड्यासारखा धरून वर जात नाही. अशी तुलना नसेल तर 'मोठा असल्यामुळे' हे शब्द आपल्याला उच्चारता येणार नाहीत.

जे घातलंच नाही ते

या खेळात आम्ही काय घातलं नाही याची यादी मुलांना करायला सांगा. वजन नाही. हवा नाही. बरणीच्या भिंतीचं घर्षण नाही. दाण्यांचा खरखरीतपणा नाही. तरीही मोठा तुकडा वर आला. म्हणजे वर येण्यासाठी वजनातला फरक आवश्यक नाही. आकारातला फरक आणि हादरे एवढंच पुरू शकतं. सिम्युलेशनची खरी ताकद ही आहे. खऱ्या बरणीतून हवा किंवा घर्षण सहज काढता येत नाही, कागदावरच्या बरणीतून काढता येतं.

पण इथेच सावध राहायला हवं. 'एवढं पुरू शकतं' याचा अर्थ 'खऱ्या बरणीत हेच घडतं' असा होत नाही. १९९३ मध्ये शिकागो विद्यापीठातले जेम्स नाइट, हाइनरिश येगर आणि सिडनी नेगल यांनी रंगीत मण्यांचे थर वापरून प्रयोग केले. त्यांना वेगळंच चित्र दिसलं. भिंतीच्या घर्षणामुळे भिंतीलगतचे मणी एका पातळ थरातून खाली जात होते आणि मधले मणी वर येत होते. भांड्यात उकळणारं पाणी जसं फिरतं तसंच काहीसं. मोठा मणी या मधल्या प्रवाहाबरोबर वर येई. पण भिंतीजवळचा खाली जाणारा थर इतका अरुंद, की मोठा मणी त्यात शिरू शकत नसे. म्हणून तो वरच अडकून पडे. पुरेशा पसरट, नरसाळ्यासारख्या भांड्यात तर प्रवाह उलटा झाला : मणी कडेने वर आणि मधून खाली.

हा प्रयोगही शाळेत करता येतो. थोडी बाजरी खायच्या रंगात बुडवून सुकवा. बरणी अर्धी भरा, वर रंगीत बाजरीचा पातळ सपाट थर द्या, त्यावर पुन्हा साधी बाजरी. ठोके द्या. रंगीत थर सपाटच राहिला, तर दाणे एकत्र फिरत नाहीत. फटीचं स्पष्टीकरण पुढे सरकतं. थर मध्ये उंचावला आणि कडेला खाली ओघळला, तर फिरणारा प्रवाह आहे. मग बरणीला आतून पॉलिशपेपर चिकटवून तोच प्रयोग पुन्हा करा. भिंत खरखरीत झाल्यावर फरक पडला का?

कहाणी इथेही संपली नाही. १९९८ मध्ये शिनब्रॉट आणि मुझ्झियो यांनी दाखवलं, की जोराने हलवलेल्या खोल थरात जड मोठा गोळा वर येतो, पण तेवढाच मोठा हलका गोळा बुडू शकतो. पाण्यातल्या अनुभवाच्या नेमकं उलट! २००१ मध्ये शिकागोच्याच गटाने दाखवलं, की मोठा गोळा किती वेगाने वर येतो हे त्याच्या घनतेवर अवलंबून असतं, आणि दाण्यांमधली हवा काढून टाकली की हे अवलंबन नाहीसं होतं. बरणीतल्या हवेलाही भूमिका आहे तर! २०२१ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी शेंगदाणे आणि ब्राझील नट यांचं मिश्रण हलवत हलवत त्याच्या आतल्या क्ष-किरण प्रतिमा घेतल्या. आडवे पडलेले लांबट नट आधी उभे होतात आणि मग वर चढतात, असं त्यांना आढळलं. गोल गोटीच्या प्रयोगात हा भाग दिसलाच नसता. आपल्याकडेही मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये देवांग खक्कर यांनी फिरत्या नळकांड्यात दाण्यांची मिश्रणं कशी वेगळी होतात यावर बरंच काम केलं आहे.

एका बरणीला एकच 'बरोबर उत्तर' नाही, हे मुलांना सांगायला संकोच वाटू नये. फट, प्रवाह, हवा, आकार ही सगळी कारणं आहेत. कोणतं कारण कधी वरचढ ठरतं हे परिस्थिती ठरवते.

पुन्हा आष्टीत

याचा आपल्याशी काय संबंध? संबंध थेट पैशाशी आहे.

शेतातून निघालेलं पोतं खडबडीत रस्त्याने हादरत बाजारात येतं. वाटेत बारीक माती, फुटका दाणा, भुसा फटींतून खाली सरकतो. वरची मूठ पाहिली तर माल स्वच्छ दिसतो, तळची पाहिली तर खराब. तेच पोतं जमिनीवर ओतलं की उलटसुलट आणखी एक गोष्ट घडते : मोठे दाणे उतारावरून घरंगळत ढिगाच्या पायथ्याशी जातात आणि बारीक माल ढिगाच्या पोटात राहतो. अशा वेळी एका मुठीवरून भाव ठरला, तर कुणाचं तरी नुकसान ठरलेलं. कधी शेतकऱ्याचं, कधी घेणाऱ्याचं. त्यात कुणाची लबाडी असायलाच हवी असंही नाही. हादऱ्यांनी ते आधीच करून ठेवलेलं असतं.

यावर उपाय साधा आहे. धान्य नीट कालवून शंकूसारखा ढीग करायचा. तो दाबून सपाट करायचा. भाकरीचे करतो तसे चार चतकोर करायचे. समोरासमोरचे दोन चतकोर ठेवायचे, दोन बाजूला काढायचे. उरलेलं पुन्हा कालवून हीच कृती करत जायची, नमुना हवा तेवढा लहान होईपर्यंत. पोत्यातून नमुना घ्यायचा असेल तर पोकळ नळी खोलवर खुपसून वेगवेगळ्या उंचीवरचा माल घ्यायचा. मुलांनी हे करून पाहण्यासारखं आहे. ज्वारी आणि मोहरी ठाऊक प्रमाणात मिसळा, डबा हलवा, मग वरची मूठ, तळची मूठ आणि चतकोर पद्धतीचा नमुना यांत मोहरीचं प्रमाण किती ते मोजा. तीन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की सांगायला फारसं काही उरत नाही.

खतांचंही तसंच. युरियाचे दाणे आणि झिंक सल्फेटची पूड घरी कालवून ट्रॅक्टरवर शेतात नेली, तर पूड वाटेतच तळाशी बसते. मग शेताच्या एका भागाला एक खत जास्त आणि दुसऱ्याला कमी. कालवायचं ते शक्यतो शेतात, टाकायच्या वेळी.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये आष्टी ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) रेल्वे सुरू झाली. स्टेशनवर मुलांना घेऊन गेलात तर रुळांखालची खडी दाखवा. ती चाळून घेतलेली, जाड, कोनदार असते. त्यांच्यामधल्या मोकळ्या फटींतून पावसाचं पाणी निघून जातं. गाड्यांच्या हादऱ्यांनी खडी झिजते, बारीक चुरा फटींत उतरतो आणि त्या बुजतात. म्हणून काही काळाने खडी उपसून चाळावी लागते. फटीचा हिशेब इथेही सुटत नाही.

शेतातले दगड हा आणखी एक प्रश्न. 'दरवर्षी वेचले तरी दगड पुन्हा उगवतात' ही तक्रार आपण ऐकतो. नांगरट आणि धूप ही कारणं आहेतच. पण काळ्या जमिनीत आणखी एक गोष्ट होते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यांत वरची बारीक माती पडते. पाऊस झाला की खालची माती फुगते, तिला जागा पुरत नाही, आणि ती दगडाला वर ढकलते. इथे हादरा नाही, वर्षातून एक सावकाश श्वास आहे. पण बारीक खाली आणि मोठं वर, हा क्रम तोच.

२००५ मध्ये जपानच्या हायाबुसा यानाने इतोकावा या लघुग्रहाची छायाचित्रं घेतली. त्याच्या पृष्ठभागाचा मोठा भाग मोठमोठ्या दगडांनी भरलेला दिसला. आघातांच्या हादऱ्यांनी तिथेही बरणीसारखंच काही घडलं असेल का, याचा विचार शास्त्रज्ञ करत आले आहेत. तिथे गुरुत्वाकर्षण नाममात्र, हवा मुळीच नाही. बरणीतले नियम तिथे कितपत चालतात हे ठरवायला पुन्हा सिम्युलेशनचाच आधार घ्यावा लागतो.

पुढच्या आठवड्यात वर्गात एक बरणी, एक गोटी आणि शेरभर बाजरी घेऊन जा. आधी अंदाज लिहून घ्या, मग ठोके द्या. गोटी वर आल्यावर लगेच कारण सांगू नका. मुलं जी कारणं सांगतील ती सगळी फळ्यावर लिहा, आणि प्रत्येकापुढे एवढाच प्रश्न विचारा : हे खोटं असेल तर आपल्याला कशावरून कळेल? प्रयोग झाल्यावर बाजरी चाळून परत डब्यात भरायला विसरू नका. रंगवलेली तेवढी पुढच्या वर्गासाठी वेगळी ठेवा.